पिन तिच्या हातात द्या

या वेळची पत्रं एकाच घरातून आल्यासारखी वाटतात. एक बाबा, एक आई, एक आजोबा आणि एक पंधरा वर्षांचा मुलगा. चौघं एकमेकांना ओळखत नाहीत. ओळखत असते तर मला पत्रं लिहायची गरजच पडली नसती.

प्रश्न : ताई, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. कॉलेजात असताना मला ग्रीन डे, ब्लिंक-१८२, सम ४१ या बँडशिवाय काही सुचत नसे. तिच्या वाढदिवसाला हौसेने रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल आणला, सहा एलपी आणल्या. रविवारी सकाळी तिला समोर बसवून पंक हे धसमुसळं रॉक म्हणजे काय, त्यातून गुणगुणता येणाऱ्या चालींचं पॉप पंक कसं निघालं हे सांगत एकेक रेकॉर्ड लावली. दुसऱ्या रेकॉर्डच्या मध्यावर ती म्हणाली, ‘बाबा, अजून किती आहेत?’ तेव्हापासून टर्नटेबलवर तिचं दप्तर असतं. स्वतः दिवसभर कानाला ती गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगो लावून बसते. माझं चुकलं कुठे?

उत्तर : रविवारी चुकलं. एलपी बरोबर होत्या, टर्नटेबल बरोबर होता. ‘समोर बसवून’ एवढंच चुकलं.

मी तुम्हाला हसत नाहीये, कारण मीही हेच करून बसलेय. भाचा तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्याला आठ रेकॉर्ड दिल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी : कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, कुठे ड्रमकडे कान द्यायचा. दोन वर्षांनी घर बदलताना त्या माझ्याकडे परत आल्या. चिठ्ठ्या जागच्या जागी, आणि एकीचंही प्लास्टिक फाडलेलं नव्हतं. त्यानंतर काही महिन्यांनी त्याने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून एक रेकॉर्ड घेतली. मला ती आजही दोन मिनिटांवर सोसवत नाही. त्याने मात्र ती इतकी वाजवली की पहिल्या गाण्यात आता गाण्यापेक्षा खरखरच जास्त आहे. मी विचारलं, ‘काय रे, एवढं काय आहे तिच्यात?’ तर म्हणाला, ‘मावशी, तुला नाही आवडत ना, ते आहे.’

आता तुमच्या पॉप पंककडे बघा. हे संगीत खोलीचं दार आतून लावणाऱ्या मुलांचं. शाळेचा कंटाळा, गावाचा कंटाळा, कुणीतरी आपल्याकडे बघत नाही याचं दुःख, आणि घरातल्या मोठ्यांना यातलं काहीच कळत नाही ही पक्की खात्री. बाबाच आत येऊन पलंगावर बसले आणि म्हणाले की ‘मला सगळं कळतं, हे तिसरं गाणं ऐक’, तर बिचारीने दार लावायचं कुणासाठी?

तुम्ही तिला जो इतिहास सांगितलात त्यातही हेच आहे. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडची पहिली रेकॉर्ड आली. चौघांनी रामोन हे आडनाव लावलं, प्रत्यक्षात नातं कुणाचंच कुणाशी नव्हतं. १४ गाणी, जेमतेम २९ मिनिटं. त्या काळच्या बड्या रॉक मंडळींचा एक गिटार सोलो संपेपर्यंत यांची दोन गाणी उरकलेली असायची. १९७८ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या अंडरटोन्सनी ‘टीनेज किक्स’ काढलं. बाहेर रस्त्यावर लष्कराचा पहारा, आणि ही पोरं गातायत गल्लीतल्या मुलीबद्दल. बीबीसीचा निवेदक जॉन पील याने ते रेडिओवर लागोपाठ दोनदा वाजवलं होतं. कॅलिफोर्नियातल्या डिसेंडेंट्सच्या १९८२ च्या रेकॉर्डचं नावच ‘मायलो गोज टू कॉलेज’, कारण गायक मायलो खरोखरच बँड सोडून शिकायला निघाला होता. पुढे त्याने जीवशास्त्रात डॉक्टरेट केली. ही गोष्ट मुलीला सांगायचा मोह तुम्हाला आत्ताच झाला असेल. सांगू नका.

या सगळ्यात वडिलांना काही काम आहे का? आहे, आणि तेही इतिहासातच आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी १९७७ च्या जानेवारीत चार गाण्यांची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही सात इंची रेकॉर्ड स्वतःच काढली. कंपनी नाही, काही नाही. मित्रांकडून आणि घरच्यांकडून पैसे उसने घेतले आणि पहिल्या १,००० प्रती छापल्या. ब्रिटनमधल्या कितीतरी पोरांना ‘आपणही हे करू शकतो’ असं वाटलं ते त्या रेकॉर्डमुळे. घरच्यांनी तिथे काय केलं? पैसे दिले आणि बाजूला झाले.

तुमच्या लाडक्या ग्रीन डेचंच घ्या. ते वाढले बर्कलीतल्या ९२४ गिलमन स्ट्रीट या जागेत. १९८६ च्या अखेरीला सुरू झालेली ही जागा स्वयंसेवक चालवायचे, दारू बंद, आणि वयाची अट नाही, म्हणजे चौदा वर्षांच्या पोरीलाही आत जाता येई. मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या बँडला मात्र तिथे मंच मिळत नसे. ग्रीन डेने मोठ्या कंपनीशी करार केला, १९९४ च्या फेब्रुवारीत ‘डूकी’ ही रेकॉर्ड आली, जगभर गाजली, आणि घरचं दार बंद झालं. हा रुसवा इतका मुरला की २०१५ मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी ग्रीन डे तिथे वाजवायला आले, तर त्याची मोठी बातमी झाली. इतक्या घट्ट मुठीत ही मुलं आपली गोष्ट धरून ठेवतात. आणि तुम्ही एका रविवारात ती उलगडून दाखवायला निघालात.

आता राहिली ऑलिव्हिया रॉड्रिगो. तिचं नाव तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. अहो, अर्धं काम झालंय तुमचं! तिचं २०२१ चं ‘गुड फोर यू’ लावा आणि डोळे मिटून ऐका : दबक्या आवाजात कुजबुजणारा अंतरा, मग गिटार अंगावर येते आणि सगळे मिळून ओरडतात. पॅरामोर या बँडच्या ‘मिझरी बिझनेस’शी त्याचं इतकं साम्य लोकांना वाटलं की ते गाणं लिहिणारे, पॅरामोरची गायिका हेली विल्यम्स आणि जॉश फॅरो, यांची नावं गीतकार म्हणून मागाहून जोडली गेली. ‘मिझरी बिझनेस’ ज्या ‘रायट!’ रेकॉर्डवर आहे ती २००७ ची. ती आली तेव्हा हेली अठरा वर्षांची होती. तुमची मुलगी मागच्या दाराने घरात येऊन बसलीय, आणि तुम्ही पुढच्या दारात उभे राहून हाका मारताय.

पुढे काय करायचं? टर्नटेबल तिच्या खोलीत ठेवा आणि त्याचं नाव काढू नका. तुमच्या सहा एलपी तुमच्या कपाटात परत न्या. त्या तुमच्या आहेत. रात्री स्वतःसाठी लावा, दार लोटून. (बरोबर गाऊ नका. निदान पहिले सहा महिने.) तिला एक रेकॉर्ड घेण्यापुरते पैसे द्या, एकच, आणि ती काय घेईल यावर तोंडातून अक्षर काढू नका. ती पॉप पंक घेईल असंही नाही. लिंडा लिंडाज नावाचा लॉस एंजेलिसच्या मुलींचा बँड आहे. २०२१ मध्ये तिथल्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या कपाटांमधे उभ्या राहून त्यांनी वाजवलं तेव्हा सगळ्यांत मोठी १६ ची होती आणि ड्रमवरची धाकटी १० ची. हा व्हिडिओ तिच्या फोनवर पाठवावासा वाटेल. एकदाच पाठवा, खाली काही लिहू नका, आणि ‘पाहिलास का?’ असं विचारू नका.

शिकवायचं असेल तर फक्त हात शिकवा. रेकॉर्ड कडेला आणि मधल्या लेबलला धरायची, खाचांवर बोट नाही. पिन हाताने टाकायची नाही. बाजूला छोटी दांडी असते, ती खाली केली की पिन अलगद उतरते. पहिल्या आठवड्यात तिच्याकडून ओरखडा पडणारच. तो आवाज शेजारच्या खोलीत तुम्हाला ऐकू येईल. उठायचं नाही.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे. हल्ली पॉप पंकची गाणी लावतो. मला एक तर ते गाणं न वाटता ओरडणं वाटतं, आणि मधूनमधून शिव्या ऐकू येतात. बंद करावं का? शिवाय आवाज इतका मोठा असतो की भिंत थरथरते.

उत्तर : शिव्या आहेत, नाही कशा म्हणू? ब्लिंक-१८२ ची १९९९ ची ‘एनिमा ऑफ द स्टेट’ ही या प्रकारातली गाजलेली रेकॉर्ड. तिचं नाव, तिचं कव्हर आणि तिच्यातले विनोद तिघंही एकाच पातळीवरचे, शाळेच्या मागच्या बाकावरचे. पण त्याच रेकॉर्डवर एका अशा मुलाचं गाणं आहे, जो एकटेपणाने आयुष्य संपवायच्या विचारापर्यंत पोचलाय. टवाळी आणि ते गाणं शेजारी शेजारी. म्हणून माझं म्हणणं असं की बंद करण्याआधी तुम्ही स्वतः एक रेकॉर्ड शब्द वाचत पूर्ण ऐका. मुलगा कुठलं गाणं पुन्हा पुन्हा लावतो याकडे लक्ष असू द्या. टवाळीचं असेल तर वय आहे, सरेल. अंधाराचं असेल आणि तो गप्प गप्प राहत असेल, तर गाणं हिसकावून घेऊ नका. जवळ बसा आणि त्याला सरळ विचारा. गाण्यातल्या मुलाबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलणं पुष्कळदा सोपं जातं. आणि उत्तर ऐकून पोटात गोळा आला, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

शब्दांबद्दल अजून एक. ‘मिझरी बिझनेस’मध्ये दुसऱ्या मुलीला हिणवणारी एक ओळ आहे. हेलीने ती सतराव्या वर्षी लिहिली. मोठी झाल्यावर तिलाच ती खुपायला लागली, आणि २०१८ मध्ये पॅरामोरने ते गाणं कार्यक्रमात वाजवणं थांबवलं. २०२२ मध्ये पुन्हा सुरू केलं. हे तुमच्या मुलाशी बोलण्यासारखं आहे, कारण इथे चूक कोण हे आईला ठरवावं लागत नाही, गाणारीनेच ठरवलंय.

आता ओरडणं. या गिटारवाल्यांची मुख्य चाल म्हणजे पॉवर कॉर्ड, त्यात दोनच स्वर : सा आणि प. गंधार गाळलेला. पाश्चात्त्य कानाला सूर हसरा की उदास हे सांगतो गंधार, त्यामुळे गिटार दोन्हींतलं काहीच सांगत नाही. ते काम गळ्यावर पडतं. म्हणून गळा असा ताणलेला, नाकातून येणारा, रडू आणि हसू यांच्या मधला. एवढं कळल्यावर तुम्हाला ते आवडेल असं मुळीच नाही. मला स्वतःला यातले निम्मे बँड एकसारखे वाटतात.

आवाजाबाबत मात्र कडक व्हा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ७५ डेसिबल अशी आहे, आणि आवाज थोडासा वाढला तरी सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो. भिंतीची काळजी नको, हेडफोनची करा. भिंत थरथरते तेव्हा निदान तुम्हाला कळतं तरी.

प्रश्न : नातू सोळा वर्षांचा. ‘आजोबा, तुमचा माळ्यावरचा टर्नटेबल द्या’ म्हणून मागे लागला, तेव्हा तीस वर्षांनी खाली काढला. नातवाच्या स्पीकरला जोडला तर आवाज डासासारखा, तोही स्पीकर पूर्ण मोठा केल्यावर. गाणं रेंगाळतं. आणि त्याच्या त्या धावत्या गाण्यांत पिन उड्या मारते, म्हणून आम्ही पूर्वी करायचो तसं पिनेच्या दांड्याच्या पुढच्या टोकावर नाणं ठेवलं. नातू म्हणतो, आजोबा, जाऊ द्या, पेटीसारखा बंद होणारा नवा मिळतो तो घेऊ. घ्यावा का?

उत्तर : आजोबा, आधी ते नाणं उचला. बाकीचं नंतर वाचा.

उचललंत? आता डास. टर्नटेबल बिघडलेला नाही, मधला एक टप्पा गळलाय. रेकॉर्ड कापताना, म्हणजे तिची खाच कोरताना, खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरचे स्वर वाढवतात. खर्जाच्या लाटा रुंद असतात. त्या आहेत तशा कोरल्या तर एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल, आणि एका बाजूवर वीसेक मिनिटं मावतात ती मावणार नाहीत. म्हणून वाजवताना उलटा हिशोब करावा लागतो : खर्ज वाढवायचा, वरचं दाबायचं. हा हिशोब १९५० च्या दशकापासून सगळ्या कंपन्यांनी एकच ठरवून घेतलाय. तुमच्या जुन्या अॅम्प्लिफायरला मागे ‘फोनो’ लिहिलेलं भोक होतं, आठवतं? तो हिशोब तिथे व्हायचा. शिवाय पिनेकडून येणारा विजेचा संकेत व्होल्टच्या काही हजारांश भागांइतकाच असतो, तोही तिथेच मोठा व्हायचा. नातवाच्या स्पीकरला हे काहीच येत नाही. मधे फोनो प्रीअॅम्प नावाची छोटी डबी लावा, डास जाईल.

रेंगाळणं बहुधा पट्ट्याचं. आतला रबरी पट्टा तीस वर्षांत सैल पडतो. नवा घाला आणि मग नातवाला कामाला लावा : तबकडीच्या कडेला कागदाची खूण चिकटवायची आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजायच्या. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या झाल्या पाहिजेत. ९६ भरल्या तर वेगाचं बटण फिरवा, १०० आल्या तर हात लावू नका. माझ्या मते मुलाला टर्नटेबलशी जोडणारं यापेक्षा चांगलं काम नाही. त्या शंभर फेऱ्या मोजताना कुणी फोनकडे बघत नाही.

आणि आता ते नाणं. पिनेने रेकॉर्डवर किती भार टाकायचा हे कार्ट्रिजवर, म्हणजे पिन धरणाऱ्या छोट्या डबीवर, ठरतं. हल्लीच्या बऱ्याच कार्ट्रिजना दोन ग्रॅमच्या आसपास पुरतो. नाणं ठेवलं की तो दुप्पट-तिप्पट होतो, आणि हिऱ्याचं टोक प्लास्टिकच्या खाचेवर नांगर धरल्यासारखं चालतं. उडी मारण्यामागे बहुधा दोन कारणं : भार नीट लावलेला नाही, किंवा पिन संपलीय. पिनेचं आयुष्य साधारण ५०० ते १,००० तास, आणि पडून राहिली तरी तिला धरणारं रबर कडक होतं. म्हणून पहिल्याच दिवशी पिन बदला. मग मागचं वजन फिरवत पिनेचा दांडा असा तोला की तो हवेत आडवा तरंगेल, तो शून्य. तिथून कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत भार वाढवा. त्या धावत्या गाण्यांतही पिन उडणार नाही. ड्रम कितीही पळाले तरी खाच एकच आणि सलग असते.

पेटीवाला घ्यावा का? मला तो आवडत नाही. पुष्कळशा पेट्यांत भार पाच ग्रॅमच्या आसपास असतो आणि तो कमी करायची सोय नसते. स्पीकर त्याच डब्यात, म्हणजे जो थरथरतो त्याच्याच डोक्यावर पिन. एका संध्याकाळी रेकॉर्डचं वाटोळं होतं असं काही लोक सांगतात, ते खोटं आहे. पण तीच रेकॉर्ड शंभरदा वाजवणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलासाठी तो योग्य नाही. ज्याच्या घरी दुसरा काहीच नसेल त्याने खुशाल घ्यावा. तुमच्या घरी आहे.

जाता जाता दोन गोष्टी. माळ्यावर मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जाड, जड तबकड्याही असतील, तर त्या एलपीच्या पिनेवर लावू नका; त्यांची खाच रुंद असते, पिन वेगळी लागते. आणि रेकॉर्ड उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नाही, उन्हात तर नाहीच. मी एकदा सहा रेकॉर्डची पिशवी बंद गाडीच्या मागच्या सीटवर दुपारभर विसरले. चार वाचल्या. उरलेल्या दोघींवर पिन अशी वरखाली होते की बघणाऱ्याला बोट लागावी.

प्रश्न : मी पंधरा वर्षांचा आहे. माझ्याकडे एकच रेकॉर्ड आहे, ‘डूकी’ची नवी आवृत्ती. मित्र हसतात की फोनवर सगळं असताना हे कशाला. रेकॉर्डचा आवाज खरंच चांगला असतो का? आणि प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ फाटल्यासारखा येतो. रेकॉर्ड खराब निघाली का?

उत्तर : तुझे कान चांगले आहेत. पुष्कळ मोठ्या माणसांना हे वर्षानुवर्षं ऐकू येत नाही.

तबकडी एका मिनिटात ठरलेल्या फेऱ्या घेते, पण कडेची फेरी मोठी आणि लेबलजवळची छोटी. हिशोब करून बघ : कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २०. म्हणजे तेवढ्याच वेळाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. ‘स’, ‘श’, झांजा असे बारीक स्वर तिथे आधी फाटतात. सगळ्याच एलपींना हा त्रास आहे. पिन जुनी असेल किंवा कार्ट्रिज थोडं वाकडं बसलं असेल तर वाढतो, म्हणून ते एकदा तपास. म्हणून काही जुने लोक शांत गाणं बाजूच्या शेवटी ठेवायचे. पॉप पंकवाल्यांकडे शांत गाणी असतात कुठे?

आवाज चांगला असतो का? मोजायला गेलास तर नाही. खरखर असते, आतल्या खाचा फाटतात, आणि हल्लीच्या बऱ्याच आवृत्त्या डिजिटल मुद्रणावरूनच कापलेल्या असतात. मित्रांशी या मुद्द्यावर भांडू नकोस, हरशील. दुसरं काहीतरी म्हण. म्हण की २०२२ मध्ये अमेरिकेत सीडींपेक्षा रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या, सुमारे ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख, आणि असं १९८७ नंतर पहिल्यांदा झालं. किंवा काहीच म्हणू नकोस. फोनवर ‘डूकी’ची आवडती तीन गाणी वाजतात. तुझ्याकडे मात्र चौथं, नववं आणि अकरावंही वाजतं, कारण मधलं गाणं गाळायला तुला पलंगावरून उठावं लागतं. मला माझी सगळ्यांत आवडती गाणी अशीच मिळालीत, आळसामुळे.

पिन अडकून एकच ओळ वाजत राहिली तर घाबरू नकोस. बहुतेक वेळा धूळच असते. कार्बनचा मऊ ब्रश फिरत्या रेकॉर्डवर दोन फेऱ्या हलकेच धर, दाबू नकोस. शर्टाच्या बाहीने तर पुसूच नकोस. पुसणार आहेस, मला माहीत आहे.

आणि एक काम कर. खोलीतला दिवा घालव, टॉर्च तिरका धर आणि शेवटच्या गाण्यानंतरचा, लेबलभोवतीचा गुळगुळीत काळा पट्टा बघ. तिथे हाताने किंवा ठशाने काहीतरी कोरलेलं असतं. बहुतेक वेळा नुसते आकडे, म्हणजे ती बाजू कुठल्या साच्यातून निघाली त्याची खूण. कधी कापणाऱ्याची आद्याक्षरं. आणि पंकवाल्यांना तिथे चावट, वेडगळ ओळी कोरून ठेवायची जुनी खोड आहे. कव्हरवर त्यांचा पत्ता नसतो, फोनवर तर नाहीच नाही. तुझ्या रेकॉर्डवर काय निघालं ते मला कळव. ए बाजूला अर्धंच वाक्य दिसलं, तर पत्र टाकायच्या आधी बी बाजू बघ.